चाळीस लाखाला नऊ कमी

बेचाळीस वर्षं मी उकिडवा बसून काम केलं. फरशी बसवणाऱ्याला दुसरं बसणं ठाऊक नसतं. खुर्चीत बसलो की माझ्या गुडघ्यांना वाटतं, काम संपलं, आता उठायचं. त्यामुळे आमची मुलगी आजारी पडून घरी आली आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना जिन्यापाशी नेऊन सांगितलं की आता औषधापेक्षा तुम्ही जवळ बसलेलं बरं, तेव्हा तिच्या आईने पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि मी न्हाणीघरातल्या टाइलचे सांधे उकरायला घेतले.

सांध्यांना काही झालं नव्हतं. मीच भरले होते ते. अजून पंधरा वर्षं हलले नसते.

"अहो, काय ठोकताय तिकडे?" तिची आई ओरडली.

"पाणी झिरपतंय."

"कुठे झिरपतंय?"

छिन्नी हातात धरून मी ओल्या जमिनीवर तसाच बसून राहिलो. बाहेरून मुलीचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण खट्याळपणा होता तसाच होता.

"असू दे गं आई. बाबांच्या हाताला काम नसलं की त्यांचा जीव टांगणीला लागतो. मीच देते त्यांना काहीतरी."

आणि तिने मला एक आकडा दिला.

तो सांगण्याआधी आम्हा दोघांमधली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाटेल की आकड्याचं काय एवढं. ती चार-पाच वर्षांची असताना तिची आई शिवणाच्या कारखान्यात जायची, म्हणून मी तिला कामावर घेऊन जायचो. रिकाम्या खोलीच्या एका कोपऱ्यात तिला बसवायचो, उरलेल्या टाइल पुढे ठेवायचो आणि म्हणायचो, यांची खोली कर. म्हणजे ओळी सारख्या हव्यात, चारी कोपरे गुण्यात, बरोबर काटकोनात हवेत, एकही टाइल उरता कामा नये. बारा दिल्या की ती तीन-तीनच्या चार ओळी लावायची, नाहीतर सहा-सहाच्या दोन. पंधरा दिल्या की पाच-पाचच्या तीन. एकदा मी तिला तेरा दिल्या. तासभर लावत होती, मोडत होती. शेवटी भोकाड पसरलं. तेरांची खोली होतच नाही. दोन-दोनच्या ओळी करा, एक उरते. तीन-तीनच्या करा, एक उरते. चार-चारच्या करा, तरी एक उरते. एकीमागे एक लावून लांबलचक पट्टी तेवढी होते.

"या हट्टी आहेत," ती नाक पुसत म्हणाली. "यांना खोली व्हायचंच नाहीये."

तेव्हापासून आमच्याकडे आकड्यांच्या दोन जाती झाल्या, खोलीचे आणि हट्टी. पुढे शाळेतून एक दिवस पळत आली. "बाबा, आपल्या हट्टींना शाळेत नाव आहे! मूळ संख्या म्हणतात." ती मोठी होऊन गणिताची शिक्षिका झाली तरी घरात हट्टीच म्हणायची. कामावरचे गवंडी तिला ओळंबा म्हणायचे, कारण कुणाची भिंत तसूभर कलली तरी ही फ्रॉकातली पोर सगळ्यांदेखत बोट दाखवायची. सगळ्यांना तिचं कौतुक आणि सगळ्यांना तिची धास्ती.

मला लिहिता येत नव्हतं. आकडे ओळखायचो, कारण टाइलच्या खोक्यांवर ते असतात, आणि तोंडी हिशेबात मला कुणी हरवलेलं नाही. पण कागद पुढे आला की मी अंगठा पुढे करायचो. छप्पन्नाव्या वर्षी तिने मला धरून बसवलं. तिच्या शाळेतल्या मुलांना देतात तशी चौकटीची वही दिली. अक्षरांना दोन वर्षं लागली. भागाकार मात्र दोन महिन्यांत आला, आणि इतका आवडला की बसचा नंबर दिसला की भाग, दारावरचा नंबर दिसला की भाग. एका चौकटीत एक आकडा, रेघ पट्टीने, बाकी खाली. मग मला तोंडी हिशेब करण्यात कमीपणा वाटायला लागला. ज्याला लिहिता येतं त्याने लिहावं, असं माझं झालं.

तर त्या दिवशी तिने मला न्हाणीघरातून बाहेर बोलावलं. उशीला टेकून बसली होती.

"बाबा, चाळीस लाखाला नऊ कमी. एवढ्या टाइल दिल्या तुम्हाला. खोली होईल की हट्टी आहे?"

"एवढ्या मोठ्या खोलीला भाडेकरू कुठून आणणार?"

"ते मी बघते. तुम्ही खोलीचं सांगा. आणि फोनला विचारायचं नाही हं."

"फोनला कोण विचारतंय? माझा हात काय मोडलाय?"

मी वही काढली. पलंग भिंतीशी होता आणि टेबल खिडकीखाली, कारण उजेड तिथे होता. मी टेबलाशी बसलो आणि आकडा लिहून काढला, ३९९९९९१. पाच नऊ एका रांगेत, सगळ्यांच्या शेपट्या सारख्या. वळून तिला वही दाखवली. ती क्षणभर थबकली. मला वाटलं आकडा चुकला.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. "किती सुंदर लिहिलात."

थोड्या वेळाने मी तिला समजावून सांगायला लागलो. शिक्षिकेला समजावतोय, याचं मला भान नव्हतं. "हे बघ, दोन हजार बाय दोन हजारांची खोली केली तर बरोबर चाळीस लाख टाइल लागतात. आपल्याकडे त्याहून कमी आहेत. म्हणजे खोली झालीच तर तिची एक बाजू दोन हजारांच्या आतच असणार."

ती एकदम सरळ बसली. डोळे लकाकले. "हां! मग?"

"मग काय? दोन हजारांच्या आतले आकडे तपासायचे. त्यातलेही फक्त हट्टी. दोनच्या ओळी लागत नसतील तर चारच्या कशा लागतील?"

"पण बाबा, चाळीस लाखाला नऊच कमी आहेत ना?"

"तेच तर म्हणतोय मी. म्हणून दोन हजारांपर्यंतच जायचं. पुढे एक पाऊल नाही."

ती हसली आणि पुन्हा उशीवर टेकली. तिची आई खुर्चीत बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटणं लावत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा लेकीकडे. मी वहीकडे वळलो.

आधी हट्टी आकड्यांची यादी हवी. दोन हजार चौकटी आखल्या, चाळीस चौकटींची एक ओळ, अशा पन्नास ओळी. दोनच्या पटीतले सगळे खोडले, मग तीनच्या, पाचच्या, सातच्या, असं करत चौथ्या दिवशी उरले ते मोजले. तीनशे तीन हट्टी. पाचव्या दिवसापासून भागाकार सुरू झाला, रोज अकरा. अकराच्या वर गेलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि सहाचा शून्य दिसायचा.

सातने भागलं, बाकी दोन. तेराने, बाकी आठ. एकशे एक्कावन्नने भागलं तर बाकी एक. मी टेबलावर हात आपटला.

"काय झालं?"

"एका टाइलने हुकलं! चाळीस लाखांच्या खोलीत एक टाइल जास्त!"

"अरेरे," ती म्हणाली. "लबाडच आहे."

पुढे आठशे त्र्याऐंशीलाही तसंच झालं, बाकी एक. तेव्हा ती अरेरे म्हणाली नाही. झोपली होती बहुतेक.

मागे काय चाललंय ते मला आवाजावरून कळायचं. वाटीत चमचा फिरल्याचा आवाज. आधी वाटी खरवडली जायची, मग दोन-चार चमच्यांवरच थांबायची. मायलेकी हळू आवाजात बोलत असायच्या. मध्येच दोघी खुदकन हसायच्या, मध्येच बराच वेळ काही नाही. मला वाटायचं, चांगलं चाललंय. मी खोलीत आहे, पळून गेलेलो नाही. आणि खरं सांगायचं तर भागाकार चालू असताना मला तिच्याकडे बघावं लागत नव्हतं. तिचं मनगट माझ्या पट्टीएवढं झालं होतं. ते बघण्यापेक्षा सहाशे एकोणीसने भागणं सोपं होतं.

एकदा ती म्हणाली, "बाबा, कोपऱ्यात खांब असलेल्या खोल्या तुम्ही किती केल्या असतील?"

"शेकड्याने. आता मध्ये बोलू नकोस, हातचा चुकतो."

"तशा खोलीच्या टाइल कशा मोजता हो?"

"पूर्ण खोली मोजायची आणि खांब वजा करायचा. हे काय विचारणं झालं? नऊशे सातला आलोय मी."

"बरं. नऊशे सात तर नऊशे सात."

तिची आई दोरा तोडत म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा."

"हळू बोल. मोजतोय."

"मोजा हो, मोजा."

मला एकच धास्ती होती, उत्तर मिळायच्या आत हिला काही होऊ नये. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या की माझी पेन्सिल जोरात चालायची. तिने मागितलेली ती एकच गोष्ट होती. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे बाहुली मागितली नव्हती की सायकल. एक उत्तर मागितलं होतं, आणि ते तिच्या हातात देणं माझ्याच्याने होईल असं होतं. बाकी काहीच माझ्याच्याने होणार नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण माझं घोडं तिथेच पेंड खात बसलं. खोली करताना आधी अख्ख्या टाइल बसवतात, दोरी लावून, मागे सरकत सरकत. भिंतीलगत जी ओळ राहते तिथे अख्खी टाइल मावत नाही, कापून बसवावी लागते. ती कापाची ओळ त्याच दिवशी करत नाहीत. मधलं अंग आधी धरू द्यायचं, कापाची ओळ दुसऱ्या दिवशी. पण मालकाने विचारलं तर मिस्त्री त्याच संध्याकाळी सांगतो, खोली झाली. यात कुणाला खोटं वाटत नाही. मधलं अंग बसलं की खोली बसली. कापाच्या ओळीने खोली बिघडवलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

एकतिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या आणि जाताना म्हणाल्या, आता मी रोज येत नाही, लागलं तर बोलवा. दुपारी माझी एकोणपन्नासावी ओळ संपली. दोनशे सत्त्याण्णव भागाकार, आणि एकानेही भाग गेला नव्हता. शेवटची ओळ तेवढी राहिली होती, सहा आकड्यांची. उद्या सकाळी ती करून टाकू, असं मनात म्हणालो. पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची फिरवली.

"झाली खोली," मी म्हणालो. सवयीने तोंडातून तेच आलं.

तिने डोळे उघडले. "काय निघालं?"

"हट्टी आहे. दोनशे सत्त्याण्णव वेळा विचारलं, ऐकत नाही. नुसती पट्टी."

ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही. नुसती तोंडाकडे बघत होती, जणू कागद वाचतेय.

"नक्की?"

"नक्की."

"शाबास," ती म्हणाली. "मिटा मग वही. आता इकडे तोंड करून बसा."

आत जाऊन पाणी प्यालो, तोंड धुतलं आणि येऊन पलंगाशेजारी जमिनीवर उकिडवा बसलो. खुर्ची नको म्हणालो. तसं बसलं की माझं डोकं तिच्या हातापाशी यायचं.

आठ दिवस बसलो. वही उघडली नाही. आधी मला वाटलं, सहा भागाकारांना कितीसा वेळ लागतो, ही झोपली की उरकून घेऊ. पण ती झोपली की मी तिचा श्वास मोजायचो. जागी असली की ती मला काहीबाही विचारायची. सगळ्यात वाकडी खोली कुठली केलीत? कुणाच्या घरात टाइल बसवून पुन्हा उकरावी लागली? मी सांगायचो. मध्येच विसरून तीच गोष्ट पुन्हा सांगायचो आणि ती पुन्हा हसायची. तिच्या आईने एकदा म्हटलं, "अहो, आत्ताच सांगितलंत हे." ती म्हणाली, "सांगू दे गं." शेवटच्या दोन दिवसांत बोलणं थांबलं. बोटं माझ्या केसांत असायची, ती हलायची तेवढी. आठव्या दिवशी दुपारी ती हलायची थांबली. मला ते लगेच कळलं नाही. तिच्या आईला कळलं.

त्यानंतरचे दिवस मला सांगता येत नाहीत. लोक आले, बसले, गेले. तिच्या शाळेतल्या बाई तिची पुस्तकं घेऊन आल्या. पलंग होता तिथेच राहिला. हलवायला कुणी धजेना.

दीड महिन्याने मी वही काढली. अर्धवट खोली मी कधी सोडलेली नव्हती. कापाची ओळ राहून गेली होती, एवढंच डोक्यात होतं. ती झाली की तिला दिलेलं उत्तर पक्कं होणार होतं. त्यात शंका मला नव्हतीच.

पहिला आकडा एकोणीसशे त्र्याहत्तर. भाग गेला दोन हजार सत्तावीस वेळा, बाकी सातशे वीस. दुसरा एकोणीसशे एकोणऐंशी, बाकी चारशे बत्तीस. तिसरा एकोणीसशे सत्त्याऐंशी, बाकी एकशे साठ. माझा हात जरा मंदावला. बाकी उतरत चालली होती. याआधी ती कधी अशी पायऱ्या उतरल्यासारखी उतरली नव्हती. कधी मोठी यायची, कधी लहान. चौथा एकोणीसशे त्र्याण्णव. बाकी चाळीस.

पाचवा एकोणीसशे सत्त्याण्णव. लिहिलं, वजा केलं, पुन्हा वजा केलं. दोन हजार तीन वेळा भाग गेला आणि खाली काही उरलं नाही.

मी पुन्हा मांडलं. वहीचं पान उलटून नव्याने मांडलं. मग एकोणीसशे सत्त्याण्णवला दोन हजार तीनने गुणून पाहिलं. उत्तर आलं ३९९९९९१. पाच नऊ एका रांगेत.

खोली होत होती. एका बाजूला एकोणीसशे सत्त्याण्णव टाइल, दुसऱ्या बाजूला दोन हजार तीन. चारी कोपरे गुण्यात, एकही टाइल उरत नव्हती. आणि मी तिला नक्की म्हणून सांगितलं होतं.

तिची आई आतून आली तेव्हा मी टेबलावर कपाळ टेकून बसलो होतो.

"काय झालं हो? चक्कर आली का?"

"मी तिला खोटं सांगितलं," मी म्हणालो. "हट्टी नव्हता तो. सहा राहिले होते तपासायचे, आणि मी झाली खोली म्हणून मोकळा झालो. एकच उत्तर मागितलं पोरीने, तेही चुकीचं घेऊन गेली."

ती टेबलापाशी आली. वहीकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. मी शिकलो तेव्हा मुलगी तिलाही बस म्हणाली होती, पण ती म्हणाली, घरात एक पंडित पुरे. ती शिवणाच्या कपाटापाशी गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. वहीच्या पानावर पांढरी बटणं मांडायला लागली. पाच-पाचच्या पाच ओळी.

"हे किती?"

"पंचवीस. हे काय चालवलंयस आता?"

"पाच पाचाची खोली." तिने कोपऱ्यातलं एक बटण उचललं. "खांब आला. किती उरली?"

"चोवीस."

शेवटच्या ओळीत आता चारच बटणं होती. तिने ती चारही काढून घेतली आणि उरलेल्या चार ओळींच्या शेजारी उभी लावली. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक. चार ओळी झाल्या, सहा-सहाच्या. नीट, चौकोनी.

"एक बाजू एकाने कमी झाली, दुसरी एकाने वाढली," ती म्हणाली. "तुमच्या खोलीत खांब तीन बाय तीनचा आहे. नऊ टाइलचा. तीन ओळी काढायच्या आणि शेजारी उभ्या लावायच्या."

मी बटणांकडे बघत राहिलो. दोन हजाराहून तीन कमी, दोन हजाराहून तीन जास्त. खांबाच्या खोल्या मी शेकड्याने केल्या होत्या. शेवटच्या ओळी काढून बाजूला लावणं मी रोज करत आलो होतो, कागदाशिवाय, बिडी ओढता ओढता. वहीची गरज नव्हती. भागाकाराची गरज नव्हती. तिने तो आकडा फरशीवाल्यासाठी बनवला होता आणि मी तो कारकुनासारखा सोडवायला बसलो.

"हे तुला कुणी दाखवलं?"

"कोण दाखवणार? तिने. आकडा दिला त्याच दिवशी. तुम्ही रेघा आखत होतात तेव्हा. मला म्हणाली, बाबांना चहा संपायच्या आत दिसेल बघ. मग त्यांना दुसरा देईन, मग तिसरा. बरेच तयार करून ठेवले होते तिने."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगायचं?" तिचा आवाज चढला. "मी काखेत कळसा म्हणाले तेव्हा तुम्ही मला हळू बोल म्हणालात! तिने खांबाचं विचारलं तर हातचा चुकतो! कुणी सांगायचं तुम्हाला आणि कसं?"

ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली.

"मी म्हटलं होतं तिला, सरळ सांगून टाक. म्हणाली, नको आई, किती छान लिहितायत बघ. जीभ बाहेर काढून लिहितात, माझ्या दुसरीतल्या मुलांसारखे. आठ-दहा दिवस असंच म्हणायची. मला उठवून दाखवायची, बघ बघ, सात काढतायत." तिने पदराने नाक पुसलं. "मग ते म्हणणं बंद झालं. नुसती तुमच्या पाठीकडे बघत पडायची."

"आणि मी हट्टी आहे म्हणालो तेव्हा? तिला तर माहीत होतं चुकलंय."

"तेव्हा तुम्ही पाणी प्यायला आत गेलात. मी विचारलं, चुकलं ना गं त्यांचं? म्हणाली, चुकू दे. तोंड तरी वळलं इकडे."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा दरवाजा आपटला. मी टेबलाशीच बसून होतो, खिडकीकडे तोंड करून. उठून खुर्ची वळवली. समोर पलंग होता, चादर ताणून घातलेली, आणि त्याच्या शेजारी ती.

"एकतीस दिवस तुम्ही दोघी काय बोलत होता?" मी विचारलं. "मला आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत."

"बरंच काही."

"सांग ना मला. एकदम नको. रोज थोडं थोडं सांग."

तिने उठून वहीवरची बटणं एकेक करून डब्यात टाकली. झाकण लावलं. डबा मांडीवर धरून ती पुन्हा खुर्चीत बसली, आणि मला वाटलं आता सांगेल.

"नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही होतात की तिथेच."